पताका आणि दप्तर

गेल्या भाद्रपदांत, गणपतीला आठ दिवस राहिले असतांना, आम्ही गांवच्या घराचा माळा झाडावयास काढला. सातारा जिल्ह्यांतलें हें आमचें जुनें घर आतां वर्षांतून दोनदांच उघडतें. एकदां गणपतीला आणि एकदां उन्हाळ्याच्या सुट्टींत. माळ्यावर डागलेल्या समया, मोडका पाळणा, चौरंगाचे सुटे पाय अशा वस्तूंच्या गर्दींत एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटींत लुगड्याच्या धडप्यांत गुंडाळलेली पताकांची एक माळ होती. त्रिकोणी कापलेले सुमारें साठ तुकडे सुतळीवर दुमडून चिकटविलेले. एका बाजूस विटकरी तांबडा रंग. आणि दुसऱ्या बाजूस, मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें, बोरूनें लिहिलेलें स्वच्छ मोडी.

ज्याची सारी हयात विद्यार्थ्यांना इतिहास शिकविण्यांत गेली, त्याला अशा वेळीं काय वाटलें असेल हें वाचकांस सांगावयास नको. मीं ओटीवर उजेडांत जाऊन एकेक तुकडा वाचूं लागलों. भाताचा हिशेब होता. कोठें ‘खंडी’, कोठें ‘पायली’, कोठें एखाद्या कुळाच्या नांवाचें अर्धें राहिलेलें अक्षर. आणि एका तुकड्यावर, कात्रीच्या तडाख्यांतून कसाबसा वांचलेला, ‘शके १७७१’ हा आंकडा. म्हणजे इसवी सन १८४९. सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. त्याच्या पुढच्याच वर्षाचा हा कागद. त्या उलथापालथींत एका सामान्य घरानें किती भात पिकविलें, कोणाला किती दिलें व स्वतःसाठीं किती ठेवलें, हें ज्यावरून समजलें असतें त्या कागदाचे कोणीतरी त्रिकोण कापले होते!

माझी आत्या ओटीवरच बसली होती. तिनें नव्वदी ओलांडली आहे. “आत्या, ह्या पताका कुणी केल्या ग?” असें मीं विचारलें, आणि माझ्या स्वरांतला राग तिला कळला असावा. तिनें माळ हातांत घेऊन चाचपली आणि ती हंसली. “अरे, ह्या आईनं केल्यात. लढाईची वर्षं होती. बाजारांत रंगीत कागदाचं पान मिळेना. गणपती तर दारांत आलेला. मग आईनं माडीवरचा एक रुमाल सोडला. हळदींत चुना कालवून रंग केला, न् रात्रभर आम्ही पोरं चिकटवीत बसलों.” मीं म्हटलें, “पण त्यावर लिहिलेलं होतं ना!” तेव्हां ती म्हणाली, “होतं कीं. पण तें शेत केव्हांच सावकाराकडे गेलं होतं. शेत गेलं, तर त्याचा हिशेब कशाला कुजवत ठेवायचा, असं आई म्हणाली.”

यावर काय उत्तर द्यावें तें मला सुचलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई किती कडक होती, हें त्या काळच्या मासिकांचे रोडावलेले अंक ज्यांनीं हाताळले असतील त्यांस ठाऊक आहे. १९४२ च्या अखेरीस सरकारनें गिरण्यांच्या कागदापैकीं बहुतेक भाग आपल्या कामासाठीं राखून घेतला. मग खेड्यांतल्या गणपतीसाठीं तांबडा कागद कोठून यावा? आजीचें म्हणणें व्यवहाराला धरून होतें. आणि तरी, ज्या कागदासाठीं आम्ही संशोधक उन्हातान्हांतून गांवोगांव हिंडतों, तोच कागद दीड दिवसांच्या शोभेसाठीं कापला गेला ही गोष्ट मनाला टोंचत राहिली. कागद हा जपून ठेवण्याचा पदार्थ कीं सणाला उधळण्याचा, हा प्रश्न मग मला सोडीना. आणि त्याचें उत्तर शोधतांना आपल्या घरगुती कागदी सजावटीचा इतिहास थोडासा माझ्या हातीं आला. तो येथें मांडीत आहें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं कागद आपल्याकडे आला तो पाहुणा म्हणून. त्याचें नांवच मुळीं फारशी. चीनमध्यें इसवी सन १०५ मध्यें त्साइ लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें कागद करण्याची सुधारलेली रीत बादशहापुढें ठेवली असें तेथील इतिहासांत नमूद आहे. कागदाचे त्याहूनहि जुने तुकडे पुढें उत्खननांत सांपडले आहेत. आठव्या शतकांत ही विद्या समरकंदास पोहोंचली, आणि पंधराव्या शतकांत काश्मीरच्या झैन-उल-अबिदीनानें तेथील कारागीर आपल्या राज्यांत वसविले अशी परंपरागत माहिती आहे. आपल्या दक्षिणेंत दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव तर आपल्या नांवांतच आपला धंदा सांगतें. जुन्नरचा कागद मराठी दप्तरांत नांवाजलेला होता, आणि पुण्याच्या कसबा पेठेंत कागदीपुरा आजहि आहे.

हा कागद करणें म्हणजे मोठे कष्ट. जुने दोर, तागाचीं पोतीं, चिंध्या हें सारें चुन्यांत भिजवावयाचें, ढेंकीखालीं दिवसचे दिवस कुटावयाचें, नदीवर धुवावयाचें, मग हौदांतल्या पाण्यांत कालवून गवताच्या काड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलावयाचा. तो भिंतीवर वाळला कीं त्याला खळ लावावयाची आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें घोटून घोटून त्याला चकाकी आणावयाची. सणासुदीला दुकानांतून आपण जो रंगीत चकचकीत ‘घोटीव कागद’ आणतों, त्याच्या नांवांत त्या दगडाची आठवण राहिली आहे. कागद यंत्रावर निघूं लागला, घोटणारा हात गेला, पण शब्द मागें उरला.

इतक्या कष्टांच्या वस्तूला मान असणारच. समर्थांनीं दासबोधांत एक सबंध समास लेखनक्रियेला दिला आहे, तो उगीच नव्हे. कागदाला पाय लागला कीं नमस्कार करावयाचा, हा संस्कार आपल्यापैकीं बहुतेकांवर लहानपणींच झालेला आहे. पतंग, दारूकाम, मोहरमचे ताबूत यांना कागद लागे हें खरें. परंतु तीं कामें त्या त्या कारागिरांचीं. साध्या घरांतील कागद म्हटला म्हणजे खतें, पत्रें, पोथ्या आणि हिशेब. रुमालांत बांधून माडीवर ठेवावयाचा, असा तो पदार्थ.

मग तेव्हां घरें सजवीत कशानें? पानाफुलांनीं. आंब्याचें तोरण, केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, गौरीभोंवतीं पावसाळी पत्री. गोमंतकांत गणपतीवर जी माटोळी बांधतात, तींत लाकडी चौकटीला फळें, रानांतलीं बोंडें, औषधी वेली टांगलेल्या असतात. ती पाहिली म्हणजे कागदापूर्वींची सजावट कशी असेल याची चांगली कल्पना येते. त्याखेरीज भेंड होतें. पाणथळ जागीं वाढणाऱ्या झुडपाचा हा पांढरा, हलका, सुरीनें लोण्यासारखा कापला जाणारा गाभा. नवरदेवाचें बाशिंग भेंड आणि बेगड यांचें करीत. मखर हा शब्दहि आज आपण केवळ गणपतीपुरता ठेवला आहे. पूर्वीं डोहाळजेवणाची गर्भार सून मखरांत बसे, न्हाण आलेली मुलगीहि मखरांत बसे. ज्याचा गौरव करावयाचा त्याच्याभोंवतीं एक नाजूक, टिकाऊ नसलेली कमान उभारावयाची, ही त्यामागची कल्पना. फूल दुसऱ्या दिवशीं सुकावें हा सजावटीचा दोष कोणी मानीत नसे. सण संपला हें सांगण्याचें तें एक साधन होतें.

कागद या जागीं शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तो आणला तीन शोधांनीं. १७९९ सालीं फ्रान्समध्यें लुई रॉबेर यानें कागदाचा अखंड पट्टा काढणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला. १८४४ च्या सुमारास जर्मनींतील केलर यानें लांकूड घांसून त्याचा लगदा करण्याची युक्ति काढली, त्यामुळें चिंध्यांची टंचाई संपली. आणि १८५६ सालीं विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांशीं खटपट करतांना एक जांभळा रंग गवसला. त्याच्या पाठोपाठ तऱ्हेतऱ्हेचे भडक कृत्रिम रंग बाजारांत आले. स्वस्त कागद आणि स्वस्त रंग यांची गांठ पडली, आणि जो कागद रुमालांत बांधून ठेवीत तो दिडकी-पैशाला वाण्याच्या दुकानीं मिळूं लागला. पुण्याजवळ मुंढवें येथें १८८० नंतरच्या दशकांत कागदाची गिरणीहि निघाली.

मौज अशी कीं या नव्या पाहुण्यानें जुन्या यजमानाचींच नांवें धारण केलीं. कागदाचें तोरण, कागदाची माळ, कागदाचीं फुलें, कागदाच्या केळी! आमच्या आज्या-पणज्यांनीं आंब्याचें पान डोळ्यांपुढें ठेवूनच हिरवा कागद कापला. एका बाबतींत मात्र कागद पानाहून निराळा निघाला. पान सुकल्यावर टाकावें लागे. कागदी तोरण पेटींत घालून पुढल्या वर्षीं काढतां येई. काटकसरी गृहिणींना हा गुण फार भावला असला पाहिजे. आमच्या घरची माळ ऐंशी वर्षें पेटींत राहिली ती याच संवयीनें.

याच काळांत सार्वजनिक उत्सवांनीं या कलेला मोठें बळ दिलें. त्यापूर्वीं महाराष्ट्रांत बांबू, रंगीत कागद आणि बेगड यांचें सर्वांत भव्य काम पाहावयास मिळे तें मोहरमच्या ताबुतांत. आणि ताबूत पाहावयाला, बसवावयाला व मिरवावयाला हिंदूहि मोठ्या संख्येनें जात. १८९३ सालीं मुंबईंत दंगा झाला, व त्याच सुमारास लोकमान्यांच्या पुढाकारानें गणपतीच्या सार्वजनिक उत्सवाला जोर आला. पुष्कळांचे पाय ताबुतांकडून वळले. परंतु हातांना जें वळण लागलेलें असतें तें एका वर्षांत जात नाहीं. कामटी तासण्याची, ती सुतानें बांधण्याची, तिच्यावर कागद ताणून बसविण्याची जी विद्या ताबुतांत मुरली होती, तीच मेळ्यांच्या कमानींना आणि घरच्या मखरांनाहि उपयोगीं पडली असली पाहिजे, असें मला वाटतें. सांगली जिल्ह्यांत कडेगांवचे उंच ताबूत हिंदू व मुसलमान मिळून आजहि बांधतात. त्यांचें काम शिखरापासून सुरू होऊन खालीं उतरतें. म्हणून ‘आधीं कळस, मग पाया’ असें त्यांविषयीं म्हणतात. भांडणें राजकारणाचीं असतात. कामटी आणि खळ यांना त्यांची वार्ता नसते.

घरगुती कामाची खरी शाळा म्हणजे दिवाळीचा कंदील. आकाशदिवा लावण्याचा आचार कागदाहून फार जुना. उंच काठीवर टांगलेल्या दिव्याचें वाऱ्यापासून रक्षण करावयाला कागद मागाहून आला. आपला नेहमींचा कंदील कसा बांधतात तें आठवा. सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घेऊन त्यांचे सहा चौकोन करावयाचे. हे चौकोन नुसते कोंपऱ्याला कोंपरा लावून बांधीत गेलें, कीं त्यांच्यामध्यें आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते वेगळे करावे लागतच नाहींत. वरचा आणि खालचा चौकोन दिव्यासाठीं उघडा ठेवावयाचा, बाकीच्यांवर कागद चढवावयाचा, आणि खालीं झिरमिळ्या सोडावयाच्या. भूमितीच्या ग्रंथांत आर्किमिडीजच्या नांवानें ज्या तेरा घनाकृति सांगितल्या आहेत त्यांपैकीं ही एक आहे. माझ्या वडिलांनीं आर्किमिडीजचें नांव ऐकलें असेल. पण ज्या शेजाऱ्यांकडून ते कंदील बांधावयास शिकले ते गिरणींत काम करीत, आणि त्यांना हा घन तोंडपाठ होता. गोव्यांत नाताळासाठीं घराघरांतून जो तारा करतात, तोहि याच कामट्यांचा आणि याच कागदाचा धाकटा भाऊ.

शिक्षणशास्त्रानेंहि या विद्येची दखल उशिरां कां होईना पण घेतली. फ्रोबेलनें जर्मनींत आपली बालवाडी काढली तेव्हां कागदाच्या घड्या घालणें, तो कापणें, त्याच्या पट्ट्या विणणें हीं मुलांच्या हातांना वळण लावण्याचीं साधनें म्हणून योजिलीं. त्यावरून स्फूर्ति घेऊन मद्रासच्या टी. सुंदर राव यांनीं घड्यांच्या कागदांतून भूमिति शिकविणारें इंग्रजी पुस्तक १८९३ सालीं प्रसिद्ध केलें, व त्याची कीर्ति युरोपांतील गणितज्ञांपर्यंत गेली. परंतु आमच्या मुलांना फ्रोबेल माहीत होण्यापूर्वींच चाळीच्या गॅलरींत ही शाळा भरत होती. तिचे वर्ग ठरलेले असत. पांच वर्षांच्या मुलाकडे खळ ढवळण्याचें काम. आठ वर्षांचा असेल तर पट्ट्यांची सांखळी. बारा वर्षांच्या मुलीला कात्री. आणि कामटी बांधणें मोठ्यांचें. खळ गव्हाच्या पिठाची शिजवावयाची आणि तींत किंचित् मोरचूद घालावयाचें, म्हणजे किडा लागत नाहीं. त्या निळसर कढईला नंतर कोणी हात लावावयाचा नाहीं, हा आईचा कडक नियम माझ्या अजून कानांत आहे.

आतां या कलेचा इतिहास लिहावयास बसलें कीं पहिली अडचण अशी येते, कीं तिचा पुरावाच उरत नाहीं. दगडाची मूर्ति उरते, तांब्याचा पत्रा उरतो, कापडाचा तुकडासुद्धां कधीं कधीं उरतो. घरगुती मखर मात्र गणपतीबरोबर निघतें किंवा पावसांत भिजतें. कंदील कार्तिकांतल्या वाऱ्यांत फाटतो. शंभर वर्षांपूर्वींचें एखादें सामान्य घरचें कागदी मखर आम्हांस दाखवा असें म्हटलें, तर तें कोठें मिळावयाचें?

जगांत ज्ञात असलेलीं अगदीं जुनीं कागदी कातरकामें सांपडलीं तीं मध्य आशियांतील तुर्फानजवळ, अस्ताना येथील थडग्यांत. सहाव्या शतकांतील हीं वर्तुळाकार कातरकामें. एकांत घोडे, एकांत माकडें जोडीजोडीनें कापलेलीं. आपण मुलांना घडी घालून जसें फूल कापावयास शिकवितों तीच ही तऱ्हा. तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं, वाळू कोरडी ठणठणीत, म्हणून तीं चौदाशें वर्षें राहिलीं. पण त्याच थडग्यांतून आणखी एक नवल निघालें. मृतांच्या अंगावर घालण्यासाठीं कागदाचे जोडे, टोप्या, पट्टे केलेले होते. आणि कोरा कागद महाग, म्हणून ते रद्दी कागदांतून कापलेले होते. हे रद्दी कागद म्हणजे करारपत्रें, कज्जांची टिपणें, कचेरीच्या नोंदी! १९५९ पासून पुढें झालेल्या उत्खननांनंतर विद्वानांनीं या जोड्यांच्या तळांचे आणि टोप्यांचे तुकडे सोडवून, एकमेकांना जुळवून वाचले. तेथील साध्या माणसांच्या देण्याघेण्याचा आज जो बारीक इतिहास आपणांस कळतो, त्याचा मोठा भाग अशा कापलेल्या कागदांवरून कळतो. ज्या दप्तरांना कात्री लागली नाहीं तीं आज कोठें आहेत? तीं नाहींत. कापलेलीं तेवढीं राहिलीं.

हें मला पूर्वीं वाचून ठाऊक होतें. पण वाचलेली गोष्ट आणि घरांत घडलेली गोष्ट यांची गांठ पडावयाला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशीं मीं आत्याला विचारलें, “माडीवर बाकीचे रुमाल होते त्यांचं काय झालं?” तिनें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें, कीं एवढें कसें कळत नाहीं याला! “वाळवीनं खाल्ले ना. तुझे वडील मुंबईस गेले, न् पुढच्या दोन पावसाळ्यांत माडीची माती झाली. एक चिठोरं राहिलं नाहीं.”

म्हणजे जे हिशेब आम्हीं मानानें रुमालांत बांधून ठेवले ते मातीस मिळाले. आणि ज्यांना आजीनें कात्री लावली, ज्यांच्या कडेला खळ आणि खळींत मोरचूद होतें, जे पत्र्याच्या पेटींत लुगड्याच्या धडप्यांत दर वर्षीं नीट घडी घालून गेले, तेवढेच माझ्या हातीं आले. आमच्या घराचें शके १७७१ चें सारें दप्तर आज साठ त्रिकोणांएवढें आहे, आणि तें उरलें तें पताका झालें म्हणून. आदल्या दिवशींचा माझा राग आठवून मला थोडी लाज वाटली.

यावरून सर्वांनीं जुनीं दप्तरें कापून पताका कराव्या असा अर्थ कोणी काढूं नये. आमच्या धंद्याचे लोक मला वाळींत टाकतील! मला म्हणावयाचें आहे तें वेगळें. घरांत वस्तु टिकते ती तिला दर वर्षीं कोणाचा तरी हात लागतो म्हणून. माडीवरच्या रुमालाला मान होता, पण हात लागत नव्हता. पेटींतल्या माळेला दर भाद्रपदांत हात लागत होता.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडे जें झालें त्याचा विचार निराळा होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींत एक फुगविलेला कृत्रिम पदार्थ निघाला. आपण त्याला थर्माकोल म्हणतों. माझ्या तरुणपणीं त्याचीं मखरें बाजारांत आलीं आणि बघतां बघतां घरोघर पोहोंचलीं. पांढरा, हलका, सुरीनें कापला जाणारा. म्हणजे जुन्या भेंडाचाच अवतार, एवढाच फरक कीं भेंड पाण्यांत कुजतें आणि हा कुजत नाहीं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं नदीकांठीं त्याचे ढीग दिसूं लागले. मार्च २०१८ मध्यें महाराष्ट्र सरकारनें अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरहि बंदी घातली. तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें, ‘चला, आतां आपल्या परंपरेच्या कागदाकडे परत जाऊं.’ बाजारानेंहि हें ऐकलें आणि लगेच पुठ्ठ्याचीं, कागदाचीं, घडी घालून मिळणारीं तयार मखरें विकावयास ठेवलीं.

नदीच्या दृष्टीनें ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु परंपरेची भाषा वापरतांना थोडें जपून बोलावें. रंगीत कागद हा आपला दीडशें वर्षांचा सोबती. परंपरा जुनी आहे ती पानाची. आणि हातकागदाची विद्या मधल्या काळांत इतकी खालावली होती, कीं १९३४ नंतर वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाला आणि १९४० सालीं पुण्यांत निघालेल्या हातकागद संस्थेला ती पुन्हां उभी करावी लागली; आज तो कागद लग्नपत्रिकांच्या किंमतींत जातो. पान गेलें, भेंड गेलें, घोटीव कागद आला, थर्माकोल आला आणि गेला. या सर्व फेरबदलांत जें एक सलग चालत आलें तें इतकेंच, कीं सणाच्या आदल्या रात्रीं घरांतलीं लहानथोर माणसें जमिनीवर बसून कांहींतरी कापीत आणि चिकटवीत होतीं. तयार मखर, मग तें कागदाचें कां असेना, नेमकें तेवढेंच मोडतें. हें मीं दुसऱ्यांना उपदेश म्हणून सांगत नाहीं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि वेळेची ओढ यांचें निमित्त करून मींहि सलग सहा-सात वर्षें मखर विकतच आणलें. त्यांपैकीं एकाचाहि रंग मला आज आठवत नाहीं. लहानपणीं वडिलांनीं केलेल्या कंदिलाची कोणती करंजी तिरकी बसली होती, तें मात्र मी आजहि सांगूं शकेन.

गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत मीं सर्व त्रिकोणांचीं छायाचित्रें घेतलीं आणि वाचतां आलें तेवढें उतरून काढलें. एकंदर अकरा कुळांच्या नांवांचे अंश लागले. दोन ठिकाणीं ‘बाकी’ हा शब्द आहे, पण बाकी किती तें कात्रीच्या पलीकडे गेलें आहे. मग माळेचें काय करावें असा प्रश्न निघाला. ती एखाद्या संशोधन मंडळाला द्यावी, असें माझें मत होतें. आत्यानें विचारलें, “तिथं लावतील का कुठं?” मीं म्हटलें, “नाहीं, जपून ठेवतील.” त्यावर ती कांहीं बोलली नाहीं.

संध्याकाळीं माझ्या धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षें नऊ, माझ्या पिशवींतले कोऱ्या उत्तरपत्रिकांचे उरलेले कागद घेऊन आली आणि आत्याच्या पुढ्यांत बसली. आत्याचे हात कांपतात, तिला कात्री धरवत नाहीं. पण घडी कोठें घालावयाची आणि सुतळीसाठीं कांठ किती सोडावयाचा हें ती बोटानें दाखवीत होती. खळ मीं शिजविली. हळदींत चुना कालविल्यावर तोच विटकरी तांबडा रंग आला, तेव्हां सर्वांनीं मान पुढें करून पाहिलें. रात्रीं अकरापर्यंत चाळीस पताका झाल्या. त्यांतल्या दहाबारा वांकड्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं गणपतीपुढें दोन्ही माळा बांधल्या. आजीची वरती आणि ही खालीं. वाऱ्यानें वरची माळ उलटली कीं मोडी अक्षरें दिसत, आणि पुन्हां तांबडा रंग फिरे. विसर्जनानंतर आत्यानें दोन्ही माळा आपल्या हातांनीं सोडवून घेतल्या आणि एकाच धडप्यांत गुंडाळून त्याच पेटींत ठेवल्या. खळींत मोरचूद घातलें होतें कीं नाहीं, एवढें तिनें मला दोनदां विचारलें.